ताटीवरची वेल

माझ्या दवाखान्याच्या पडवीला लागून एक ताटी आहे. ऑक्टोबर महिन्यात ती जांभळ्या फुलांनी इतकी भरून जाते, की मुलाला घेऊन आलेले पालक क्षणभर आजार बाजूला ठेवून प्रथम तिच्याविषयी विचारतात. ‘बारा महिने हिरवी राहील आणि फुलेलही, अशी एखादी वेल आम्हालाही सुचवा,’ ही विनंती गेल्या काही वर्षांत मी अनेकदा ऐकली आहे. त्यामुळे ‘यंदा आजारांवर नको, काहीतरी वेगळे लिहा,’ असे स्मरणिकेच्या संपादकांनी सुचविताच विषय शोधण्यासाठी मला फार लांब जावे लागले नाही. वनस्पतिशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. मी एक साधी बालरोगतज्ज्ञ. परंतु वेल निवडण्याच्या बाबतीत मी एक ठळक चूक केलेली आहे, आणि आपल्या व्यवसायात चुकीची नोंद ही यशाच्या नोंदीपेक्षा अधिक उपयोगी पडते, हे व्यवसायबंधूंना आणि भगिनींना वेगळे सांगायला नको.

आरंभी शब्दांविषयी थोडेसे. इंग्रजीत ज्याला ‘ट्रेलिस’ म्हणतात त्याला आपल्याकडे आडवा असेल तर मांडव आणि उभा असेल तर जाळी किंवा ताटी म्हणतात. मुक्ताबाईंच्या ‘ताटीच्या अभंगां’मुळे हा शब्द मराठी मनाला परिचित आहे, तिथे ती झोपडीच्या दाराची ताटी आहे, इथे वेलीच्या आधाराची. कामट्या आडव्या-उभ्या विणून केलेली ही जाळी आपल्या गावाला तर विशेष शोभते. बेळगावचे जुने नाव वेणुग्राम, म्हणजे बांबूंचे गाव. रट्ट राजांच्या काळापासूनचे हे नाव आहे. तेव्हा वेणुग्रामात राहून वेलीला बांबूचा आधार द्यायचा नाही, तर कोठे द्यायचा?

आमचे घर जुने, मंगळुरी कौलांचे. पुढच्या दोन खोल्यांत दवाखाना आणि पश्चिमेच्या पडवीत बाके मांडून केलेली प्रतीक्षेची जागा. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फूट उंचीवर वसलेले असल्यामुळे आपला उन्हाळा विजापूर-सोलापूरच्या मानाने सौम्य खरा. पण तापाने फणफणलेल्या मुलाला आणि त्याला मांडीवर घेऊन बसलेल्या आईला चैत्र-वैशाखातले पश्चिमेचे ऊन सौम्य वाटत नाही. दुपारी तीननंतर ते थेट बाकांवर येई. पत्रा घालावा तर भट्टी, कापड लावावे तर पहिल्या वळवाच्या वाऱ्यात चिंध्या. म्हणून २००८ साली एका बुरूडकाम करणाऱ्या कारागिराकडून मी कामट्यांची आठ फूट उंचीची ताटी करवून घेतली आणि तिच्यावर अलमांडा चढविली.

ती निवड मी पुष्कळ विचार करून केली, असे मला त्या वेळी वाटले होते. अलमांडाची पाने जाड आणि चकचकीत. ती वर्षभर टिकतात. फुले घंटेसारखी, पिवळीधमक आणि तळहाताएवढी. थंडीचे काही आठवडे सोडले तर फूल नाही असा दिवस नाही. कीड फारशी नाही, काटे नाहीत. दुसऱ्याच वर्षी ताटी झाकली गेली, पडवीत गारवा आला आणि पिवळ्या फुलांमुळे दवाखान्याला घरपण आले. ‘सदाहरित’ आणि ‘फुलणारी’ या दोन्ही कसोट्यांवर ती शंभर टक्के उतरली होती. मी तिसरी कसोटी लावलीच नव्हती.

२०१० सालच्या ऑक्टोबरमधील गोष्ट. सोळा महिन्यांचे एक गुटगुटीत बाळ एमएमआर लसीसाठी आले. लस टोचल्यावर अर्धा तास पडवीत थांबून मगच घरी जायचे, हा माझ्या दवाखान्याचा नियम. क्वचित येणारी तीव्र ॲलर्जीची प्रतिक्रिया डोळ्यांसमोर घडावी आणि तिच्यावर तत्काळ उपचार करता यावा, एवढाच त्यामागचा हेतू. बाळ अर्धा तास बाकाला धरून फिरले, खेळले आणि घरी गेले. संध्याकाळी आईवडील त्याला घेऊन धावत परत आले. दुपारपासून चार उलट्या, दोन पातळ शौच. बाळ मलूल होते. मात्र शुष्कता फारशी नव्हती. एमएमआरचा त्रास झालाच तर तो साधारणतः पाच ते बारा दिवसांनी ताप किंवा पुरळाच्या रूपाने होतो, दोन तासांत उलट्यांनी नव्हे, हे मी समजावून सांगितले. पोटाचा साधा संसर्ग असावा असे निदान केले आणि जलसंजीवनी देऊन रात्री दोनदा फोन करून विचारपूस केली. बाळ सकाळपर्यंत सावरले. परंतु वडिलांच्या चेहऱ्यावर जे होते ते सावरले नव्हते. ‘सकाळी चांगला होता, इथे येऊन सुई टोचली आणि आजारी पडला,’ हा त्यांचा सरळ हिशेब होता, आणि त्या हिशेबात मला चूक दाखविता येत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पडवी झाडणाऱ्या मावशींनी बाकाखालून काहीतरी उचलून माझ्यासमोर धरले. अलमांडाची चघळलेली दोन पाने आणि अर्धवट चावलेली एक कळी. त्यांवर पांढरा चीक वाळून चिकट झाला होता. ‘काल त्या बाळाच्या हातातनं हेच काढून घेतलं मी,’ मावशी म्हणाल्या, ‘पण तोंडात किती गेलं असंल, कुणास ठाऊक.’

मी आत जाऊन पुस्तक उघडले. वनस्पतीचे पूर्ण शास्त्रीय नाव अलमांडा कथार्टिका. ‘कॅथार्टिक’ म्हणजे रेचक, हे औषधशास्त्राच्या वर्गात आपण सर्वांनीच पाठ केलेले आहे. कण्हेरीच्याच कुळातली ही वनस्पती. कण्हेरीसारखी हृदयावर आघात करणारी नव्हे, पण तिचा चीक आणि पाने पोटात गेल्यास उलट्या-जुलाब होतात, हे तिला नाव ठेवणाऱ्याने नावातच लिहून ठेवले होते. दोन वर्षे ती माझ्या दारात फुलत होती, आणि मी ते नाव कधी वाचलेच नव्हते. मुलांच्या सुरक्षिततेसाठी ज्या पडवीत मी त्यांना अर्धा तास बसवीत होते, तिथेच धोका मी स्वतःच्या हाताने लावला होता.

आता प्रश्न होता तो पुढे काय करायचे याचा. बाळ बरे झाले होते. गप्प बसले असते तर कोणालाही काही कळले नसते. माझा कमीपणा झाकला गेला असता. पण त्या घरात, त्यांच्या गल्लीत आणि नातलगांत ‘लसीने मूल आजारी पडले’ ही गोष्ट कायमची रुजली असती. पुढच्या बुस्टरला ते आले नसते आणि त्यांचे ऐकून आणखी चार जण आले नसते. माझी चूक लसीच्या माथी मारण्याचा मला काहीएक अधिकार नव्हता. मी फोन उचलला आणि आईला जे घडले ते सगळे सांगितले. वेल माझी, दुर्लक्ष माझे, लसीचा संबंध नाही.

पलीकडे काही वेळ शांतता होती. रागावल्या तर ऐकून घ्यायचे, अशी मनाची तयारी मी केली होती. मग त्या एकदम म्हणाल्या, ‘अगं बाई! आमच्या दारात पण तीच वेल आहे की वो, डॉक्टरबाई!’

त्या संध्याकाळी दोन्ही घरच्या वेली निघाल्या. केसपेपरवर ‘लसीनंतर उलट्या’ अशी नोंद होती. तिच्याखाली मी कारण लिहून तारखेसह सही केली. दोन महिन्यांनी ते बाळ ठरल्या तारखेला बुस्टरसाठी आले. वडीलच घेऊन आले होते.

त्यानंतर आठ महिने ताटी उघडीच राहिली. या काळात मी वाचले, रोपवाटिकांतून हिंडले, जुन्या बागा असलेल्या घरी जाऊन विचारले आणि २०११ च्या जूनमध्ये नव्याने लागवड केली. त्यातून जे हाती आले ते चार प्रश्नांच्या रूपाने मांडते. वेल विकत घेण्यापूर्वी हे प्रश्न याच क्रमाने स्वतःला विचारावेत.

पहिला प्रश्न : वेलीखाली कोण बसणार?

घरात रांगणारे मूल, नातवंड, कुत्रे-मांजर असेल, किंवा माझ्याप्रमाणे परक्याची लेकरे दारात येत असतील, तर सौंदर्याचा विचार नंतर करावा. अलमांडा ही वाईट वेल नव्हे. वरच्या मजल्याच्या कठड्याला, मुलांचा हात पोचणार नाही अशा ठिकाणी ती खुशाल लावावी आणि छाटणीनंतर हात धुवावेत. परंतु आपल्या परिसरातील दोन वेली मात्र मुलांच्या वावरात असूच नयेत. एक कळलावी. पावसाळ्यात कुंपणातून आपोआप उगवणारी ही वेल लाल-पिवळ्या ज्वाळांसारख्या फुलांमुळे उपटवत नाही. पण तिच्या सर्व भागांत, विशेषतः कंदात, कोल्चिसीन असते, आणि कंद रताळ्यासारखा दिसत असल्याने घोटाळा होतो. लक्षणे काही तासांनी सुरू होतात. प्रथम उलट्या-जुलाब आणि मग एकेक अवयव निकामी होत जातो. दुसरी गुंज. सोनाराच्या तराजूतली ती लाल-काळी बी. अखंड गिळली तर तिचे कठीण कवच बहुधा तसेच बाहेर पडते. चावली किंवा माळेत ओवण्यासाठी भोक पाडलेली असली, तर आतले ॲब्रिन प्राणघातक ठरू शकते. ही कळलावी आणि गुंज तशीही हिवाळ्यानंतर वाळून जाणारी किंवा विरळ होणारी. ताटीसाठी त्यांचा मोह धरण्याचे कारण नाही.

रंगूनवेल, जिला आपल्याकडे सर्रास मधुमालती म्हणतात, तिच्याविषयी बालरोगतज्ज्ञाला ममत्व वाटावे अशी एक गोष्ट आहे. संध्याकाळी पांढरे उमलणारे तिचे फूल पुढच्या दोन दिवसांत गुलाबी आणि मग लाल होते. या रंगबदलामुळे की काय, तिला लॅटिनमध्ये ‘क्विस्क्वालिस’, म्हणजे ‘कोण? कशी?’ असे प्रश्नार्थक नाव मिळाले. वनस्पतिशास्त्रज्ञ आता तिला कॉम्ब्रेटम इंडिकम म्हणतात. चिनी वैद्यकात तिच्या बिया मुलांच्या जंतांवर पूर्वापार दिल्या जातात. त्यांतील क्विस्क्वालिक आम्ल चेतापेशींवरील ग्लुटामेटच्या ग्राहींना उद्दीपित करते. आज आपण ज्यांना ‘अँपा’ ग्राही म्हणतो, त्यांना पूर्वी ‘क्विस्क्वालेट’ ग्राहीच म्हणत असत. बिया जास्त खाल्ल्यास उचक्या, मळमळ आणि चक्कर येते. फुले मात्र निर्धोक आहेत.

दुसरा प्रश्न : ताटी कशासाठी हवी?

पश्चिमेचे ऊन अडवायचे असेल तर पानांची दाटी हवी. फुले हा बोनस. रस्त्यावरची नजर अडवायची असेल तर कर्टन क्रीपर ही वेल उत्तम. तिच्या लोंबत्या फांद्यांचा हिरवा पडदा बारा महिने टिकतो. फुले मात्र जवळजवळ नसल्यासारखीच. फाटकावर कमान हवी असेल तर बहर महत्त्वाचा. आणि सुगंध हवा असेल तर जाई, जुई, सायली यांना पर्याय नाही; त्यांना दाराजवळच जागा द्यावी.

याच प्रश्नाला जोडून वजनाचा विचार करावा. निळी थनबर्जिया रोपवाटिकेतल्या पिशवीत नाजूक दिसते. पण तीन वर्षांत ती लोखंडी मांडवही वाकवील. आपल्याकडचा पाऊस घाटावरून वाऱ्यासह तिरपा येतो. भिजलेल्या दाट वेलीचे ओझे आणि त्यावर हा वारा यांनी बांबूची ताटी जुलैत आडवी झालेली मी पाहिली आहे.

तिसरा प्रश्न : ती चढते कशी?

चार्ल्स डार्विन आजारपणामुळे खोलीत बंदिस्त असताना त्यांनी कुंडीतल्या हॉप वेलीचा शेंडा रात्रंदिवस न्याहाळला. उष्ण हवेत तो सुमारे दोन तासांत आधार शोधत एक पूर्ण फेरा घेतो, हे त्यांनी घड्याळ लावून मोजले. वेलींच्या हालचालींवरचा त्यांचा निबंध १८६५ साली आणि सुधारलेले पुस्तक १८७५ साली प्रसिद्ध झाले. त्यांनी केलेली वर्गवारी आजही माळ्याच्या कामाची आहे.

काही वेली आधाराभोवती स्वतःच वेढे घेतात. जुई, थनबर्जिया, पेट्रिया या त्यांपैकी. त्यांना उभा आधार हवा. काही ताण्यांनी पकडतात. कृष्णकमळ, लसूणवेल, संक्रांतवेल या त्या जातीच्या. बारीक ताण्याला जाड पाइप धरता येत नाही, म्हणून त्यांच्यासाठी कामट्या किंवा तारा लागतात. काही नुसत्या रेलतात. बोगनवेल काट्यांच्या आधाराने रेलत वर जाते. तिला बांधावेच लागते. बोगनवेलीचे जे रंगीत ते फूल नव्हेच. ती रंगीत पाने, खरे फूल आतले इवलेसे पांढरे. तिला पाणी कमी तर फुले जास्त. पण तिचे काटे मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर येतात, म्हणून पडवीसाठी मी ती बाद केली. चौथ्या प्रकारच्या वेली मुळांनी भिंतीलाच चिकटतात. त्यांना ताटी लागत नाही, पण जुन्या भिंतीचा गिलावा त्या पोखरतात.

चौथा प्रश्न : ती कधी हिरवी आणि कधी फुललेली असते?

‘सदाहरित’ म्हणजे पान न गाळणारी, असा आपला समज असतो. सदाहरित वेलही पाने गाळते. फक्त एकदम सगळी गाळत नाही, नव्या पानांबरोबर जुनी थोडीथोडी सोडत राहते. म्हणून अंगण झाडणे सुटत नाही! शिवाय बाराही महिने भरगच्च फुलणे ही अपेक्षा फार थोड्या वेली पुऱ्या करतात, आणि माझ्या अनुभवाप्रमाणे त्या लोभातच आपण इतर प्रश्न विसरतो. त्यापेक्षा दोन-तीन वेलींनी वर्ष वाटून घ्यावे.

आपल्या हवेत साधारण क्रम असा : जानेवारी-फेब्रुवारीत संक्रांतवेल. मूळची ब्राझीलकडची, नारिंगी नळ्यांच्या झुबक्यांनी पान दिसेनासे होते, एरवी वर्षभर हिरवी. फेब्रुवारीअखेर ते एप्रिल पेट्रिया. पाने खरखरीत, पॉलिश पेपरसारखी. निळ्या-जांभळ्या तुऱ्यांतील गडद पाकळ्या गळाल्या तरी खालची फिकट चांदणी आठवडेच्या आठवडे टिकते आणि गळताना भिंगरीसारखी फिरत खाली येते. ज्या वनस्पतिप्रेमी इंग्रज उमराव लॉर्ड पेट्रे यांचे नाव तिला दिलेले आहे, ते १७४२ साली अवघ्या एकोणतिसाव्या वर्षी देवीच्या रोगाने वारले. जेन्नरच्या लसीला अजून चौपन्न वर्षे होती. दवाखान्याच्या अंगणात लावायला यापेक्षा बोलके नाव मला दुसरे माहीत नाही. उन्हाळा आणि पावसाळ्यात रंगूनवेल, पावसात जाई-जुई, आणि पाऊस सरताच ऑक्टोबर-नोव्हेंबरात लसूणवेल. तिचा एखादा लहान बहर वसंतातही येतो.

या चारही प्रश्नांतून गाळून माझ्या पश्चिमेच्या ताटीवर शेवटी लसूणवेल आली. दक्षिण अमेरिकेच्या उष्ण वनांतील ही वेल. पान चुरगाळले की लसणीचा दर्प येतो. तिकडे तिची पाने स्वयंपाकात लसणीऐवजी वापरतात. म्हणजे मुलाने चुकून पान चघळलेच, तर फार तर तोंड वेडेवाकडे होईल! पाने वर्षभर दाट राहतात, ताणे कामट्यांना पक्के धरतात आणि काटे मुळीच नाहीत. रंगूनवेलीचे फूल पांढऱ्याचे लाल होते. हिचे उलट, गडद जांभळ्याचे फिकट आणि मग पांढरट होते. एकाच घोसात तीन छटा दिसतात. दारापाशी जुई लावली आणि फाटकावर संक्रांतवेल.

लागवड आणि आधार

बांबू जमिनीत पुरला की आपल्या पावसात तो तिसऱ्या वर्षी बुडातून कुजतो किंवा वाळवीला बळी पडतो. माझ्या पहिल्या ताटीचे तेच झाले. आता उभे खांब लोखंडी पाइपचे, पायाशी सिमेंटमध्ये पक्के केलेले आणि रंग दिलेले. कामट्या फक्त वरच्या जाळीला. त्या चार-पाच वर्षांनी बदलाव्या लागतात, पण वेल पडत नाही. भिंत आणि ताटी यांत किमान चार बोटे अंतर ठेवावे; अन्यथा भिंत पावसाळाभर ओली राहते. रोप भिंतीपासून फूट-दीड फूट दूर लावावे, कारण पागोळ्यांखालची आणि भिंतीलगतची माती एक तर वाहून जाते किंवा कोरडी राहते. जूनचा पहिला पाऊस झाला की दोन फूट लांब-रुंद-खोल खड्डा घ्यावा, त्यात माती, शेणखत आणि ओंजळभर निंबोळी पेंड घालावी. आपल्याकडच्या तांबड्या मातीत पाणी लवकर झिरपते, म्हणून उन्हाळ्यात आळ्यावर पालापाचोळा पसरावा.

फांदी बांधताना तार कधीही वापरू नये. जुन्या सुती साडीची चिंधी मराठी आठच्या नव्हे, इंग्रजी आठच्या आकड्यासारखी, एक वेढा आधाराला आणि एक सैल वेढा फांदीला, अशी बांधावी. खोड जाड होत जाते आणि तार आत रुतते. घट्ट प्लास्टरखाली हाताचे काय होते, हे आपण पाहिलेले आहे. छाटणी बहर संपल्यावर लगेच करावी. संक्रांतवेलीची छाटणी पावसाळ्यानंतर केली, तर येणाऱ्या संक्रांतीची फुले आपणच कापून टाकलेली असतात.

काही शंका, काही सूचना

‘वेलीच्या फुलांनी मुलाचा दमा वाढणार नाही ना?’ ही शंका नेहमी विचारली जाते. भुंगे-मधमाश्यांना बोलावणाऱ्या रंगीत फुलांचे परागकण जड आणि चिकट असतात. ते फारसे हवेत उडत नाहीत. त्रास देतात ते मुख्यतः वाऱ्यावर पसरणारे गवतांसारखे परागकण. मात्र उग्र वासाने काही मुलांच्या श्वासनलिका आकुंचन पावतात. अशा घरी खिडकीशी रातराणी लावू नये. डासांची शंका अधिक रास्त आहे. दोष वेलीचा नसतो, कुंडीखालच्या तबकडीचा असतो. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून पंख फुटेपर्यंत आठवडा-दहा दिवस स्वच्छ साचलेले पाणी लागते. दर आठवड्याला तबकड्या रित्या करून घासाव्यात.

आणि मुलाने एखाद्या झाडाचे पान, फूल किंवा बी खाल्लेच तर? तोंडातले अवशेष बोटाने काढून ओल्या कापडाने तोंड पुसावे. मिठाचे पाणी पाजून उलटी काढण्याचा प्रयत्न करू नये; लहान मुलाच्या रक्तातील सोडियम त्याने धोकादायक पातळीवर जाऊ शकते. किती वाजता खाल्ले ते लिहून ठेवावे आणि पाने, फूल, शेंग असलेली डहाळी पिशवीत घालून मुलासोबत डॉक्टरांकडे आणावी. मूल खेळते आहे म्हणून थांबू नये. कळलावीचे विष सुरुवातीचे काही तास स्वस्थ असते. व्यवसायबंधूंना एवढीच विनंती, की अकारण उलट्या-जुलाब झालेल्या रांगत्या मुलाच्या पालकांना ‘काल काय खाल्ले?’ याबरोबरच ‘दारात काय लावले आहे?’ हाही प्रश्न विचारावा. मी तो २०१० पासून विचारते.

ते सोळा महिन्यांचे बाळ आता माझ्यापेक्षा उंच झाले आहे. त्याच्या आईने एका पावसाळ्यात घरून आणलेली जुईची फांदी आमच्या दारच्या आळ्यात रुजून आज मूळच्या वेलीत अशी मिसळली आहे, की आमची कोणती आणि त्यांची कोणती हे सांगता येत नाही.

ऑक्टोबरात लसूणवेलीची फुले पडवीभर पडतात. लस टोचून अर्धा तास थांबलेली मुले ती वेचतात, एकमेकांवर उधळतात. एखादे तोंडातही घालते. आई दचकून माझ्या दाराकडे पाहते. मी आतूनच म्हणते, ‘असू दे, काही होत नाही.’ आणि हे मला आता खात्रीने म्हणता येते.